ब्रह्मा, विष्णू आणि बागलकोटचे केतकर

सीमाभागातील मराठी घराण्यांच्या पूर्वजांचा विषय निघाला की आपल्याकडे सनदा, इनामे आणि वतने यांचेच कागद बाहेर येतात. एका शाळामास्तराने आकाशात केलेली दोन ग्रहांची मांडणी मात्र आपल्या स्मरणात नसते. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. शालेय शिक्षण बेळगावात, म्हणजे आमच्या कंग्राळीहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. पुढील आयुष्य शिक्षकी पेशात, बागलकोटकडे. पंचांगातले ग्रह आणि प्रत्यक्ष आकाशातले ग्रह यांचा मेळ बसावा, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास होता. त्यासाठीच त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला.

१९११ साली फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यामागील विचार मोठा सुंदर आहे. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे तीन चंद्र एका गणिताने बांधलेले आहेत. गॅनिमीडची एक प्रदक्षिणा होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. लाप्लासने या बंधनाची उपपत्ती लावली होती. केतकरांनी तोच न्याय युरेनस आणि नेपच्यून यांना लावून पाहिला, आणि पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असे सुचविले. त्यांना नावे दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे गणित होते. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट, काळ सुमारे २४८ वर्षे. त्याच वर्षी ३ ऑगस्टला केतकर निवर्तले.

‘आपल्या माणसाने प्लूटो आधीच शोधला’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. आम्हांला तो आवरावासा वाटतो. आकाशात ग्रह कोठे पाहावा, हे केतकरांनी सांगितले नव्हते. विष्णू आजतागायत कोणाला दिसलेला नाही. शिवाय २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. अभिमानाच्या भरात आपण अधिक मागितले, तर जे खरोखर त्यांचे आहे तेही लोक संशयाने पाहतील. त्यांचे खरे श्रेय हे की, चंद्रांचा नियम ग्रहांनाही लागू पडेल, ही कल्पना त्यांनी गंभीरपणे गणितात उतरविली.

ती कल्पना वाया गेली नाही. ती फक्त दुसऱ्याच सूर्याच्या अंगणात फळाला आलेली दिसली. कुंभ राशीत, सुमारे १५ प्रकाशवर्षांवर, ग्लीझ ८७६ नावाचा मंद तांबडा तारा आहे. त्याचे तीन ग्रह सुमारे ३०, ६१ आणि १२४ दिवसांत प्रदक्षिणा करतात. एकास दोन, दोनास चार, हे त्यांचे नाते २०१० साली जाहीर झाले. मधला ग्रह गुरूहून दुपटीने जड आहे. त्याला चंद्र आहेत की नाहीत, कोणी सांगू शकत नाही. सूर्यमालेबाहेरच्या एकाही चंद्राची निर्विवाद नोंद अद्याप झालेली नाही. असलाच, तर तेथून अर्धे आभाळ व्यापणारा पट्टेदार ग्रह दिसेल असे आम्ही कल्पितो. आतला शेजारी दर दोन महिन्यांनी जवळून पुढे सरकेल, आणि बाहेरच्याच्या प्रत्येक फेरीत एकदा तिघेही जवळजवळ एका रेषेत येतील. गुरूच्या त्या तीन चंद्रांना मात्र हे कधीच साधत नाही.