शिपाई आणि रणगाडा

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या कामाकरिता सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. चांदीची तार करावयाची म्हणजे मुशीत चांदी वितळवावयाची, तिची कांब पाडावयाची, आणि ती कांब पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान अशा छिद्रांतून ओढावयाची. छिद्रातून जाताना कांब वितळत नाही. ती घनच असते. तरीही पुरेसा जोर पडला म्हणजे तिला आपला आकार सोडून पुढे सरावेच लागते. धातू न वितळता वाहू शकतो, ही गोष्ट पुस्तक न उघडता सोनाराच्या हाताला कळलेली असते. ज्या शस्त्राचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहो, त्याचे मर्म याच गुणात आहे. पायी लढणाऱ्या शिपायाने खांद्यावर वाहून न्यावे आणि रणगाड्याचे पोलाद फोडावे, असे ते शस्त्र होय.

हा विषय मराठी कुटुंबांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. हुपरीच्या दक्षिणेस बेळगावी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे, आणि तेथे पायदळाचा शिपाई तयार होतो. पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगरास चिलखती दलाचे केंद्र व शाळा असून तेथे रणगाड्यावरील सैनिक तयार होतो. रणगाडा आणि पदाती यांचे वैर ज्या दोन विद्यांतून चालते, त्या दोन्ही अशा आपल्या शेजारीच शिकविल्या जातात.

पदातीपुढे अजस्र शत्रू उभा राहण्याचा प्रसंग नवा नाही. गोवळकोंड्यास येसाजी कंकाने मत्त हत्तीशी झुंज दिली, ही कथा आपल्याकडे परंपरेने सांगतात. तिचा ऐतिहासिक आधार कितपत भक्कम आहे हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी ती लोकांच्या जिभेवर का राहिली हे उघड आहे. परंतु हत्तीला सोंड असते, डोळे असतात, आणि भीतीही असते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या रणक्षेत्रावर इंग्रजांचे रणगाडे प्रथम पुढे सरकले, तेव्हा जर्मन शिपायांसमोर जे आले त्यास यांपैकी काहीच नव्हते. त्याच्यावर बंदुकीच्या गोळ्या गारांसारख्या आपटून खाली पडत होत्या.

यावर जर्मनीचे पहिले उत्तर सरळ होते: बंदूक मोठी करावी. १९१८ साली माउझर कारखान्याने १३.२ मिलिमीटर व्यासाच्या गोळीची एक प्रचंड बंदूक काढली. तिची लांबी पावणेदोन मीटरांच्या जवळ होती आणि टेकूसह वजन १८ किलोंवर जात होते. त्या काळच्या रणगाड्याचे पातळ कवच तिने फुटत असे. परंतु प्रत्येक बाराबरोबर तिचा दणका शिपायाच्या खांद्यास बसे. येथेच या मार्गाची मर्यादा दिसून आली. गोळी वेगाने कवच भेदते. वेग वाढवावा तर दारू वाढते, दारू वाढली तर दणका वाढतो, आणि तो दणका सोसणारा खांदा मात्र माणसाचाच राहतो. रणगाड्याचे कवच कारखान्यात जाड करता येते; खांदा जाड करण्याचा कारखाना कोठेही नाही.

हे शहाणपण यावयास वीस वर्षे आणि पुष्कळ माणसे खर्ची पडली. १९३७ साली इंग्रजांनी बॉइज नावाची १३.९ मिलिमीटरची बंदूक आपल्या पायदळास दिली. वजन सुमारे १६ किलो, आणि जवळून मारली असता भेद सुमारे २० मिलिमीटर. परंतु १९४० मध्ये फ्रान्सच्या लढाईत पुढे आलेल्या जर्मन मध्यम रणगाड्यांचे समोरचे कवच ३० मिलिमीटर होते. हा हिशेब कागदावर मांडता येण्याजोगा होता. तो रणांगणावर मांडण्याचे काम शिपायांवर आले. अशा वेळी पायदळ मागे हटले म्हणजे त्यास रणगाड्याची धास्ती बसली असे म्हणण्याची रीत आहे. आमच्या मते हा न्याय नव्हे. २० मिलिमीटर भेदणारे हत्यार हाती देऊन ३० मिलिमीटरच्या भिंतीपुढे माणसास उभे करावयाचे, आणि मग त्याच्या धैर्याची परीक्षा घ्यावयाची, यात नापास कोण झाला हे वाचकांनीच ठरवावे.

या कोंडीतून सुटका झाली ती शक्तीने नव्हे, आकाराने. १८८८ साली अमेरिकेच्या नौदलाकडे काम करणारे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मन्रो यांच्या एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली होती. स्फोटकाच्या वडीवर खोलगट अक्षरे कोरलेली होती. ती वडी लोखंडी पत्र्यावर ठेवून उडविली, तेव्हा तीच अक्षरे पत्र्यात खोल उमटली. सोनार ठसा ठोकून नक्षी उठवितो. येथे ठसाच नव्हता, होती ती केवळ पोकळी. स्फोटकात पोकळी असली म्हणजे स्फोटाचा जोर त्या पोकळीच्या मध्याकडे धाव घेतो, असा याचा अर्थ होता. पुढे १९३० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियाचे फ्रान्झ टोमानेक आणि स्वित्झर्लंडचे हेन्री मोहाउप्ट यांनी, एकमेकांपासून वेगळे काम करीत, त्या पोकळीस धातूचे अस्तर लाविले असता काय होते हे दाखवून दिले.

काय होते ते आम्ही थोडक्यात सांगतो. नरसाळ्याच्या आकाराचे तांब्याचे पातळ अस्तर घ्यावे आणि त्याच्या मागे व भोवती स्फोटक भरावे. स्फोट झाला की नरसाळ्याच्या भिंती आतल्या बाजूस मिटतात, आणि मधोमध तांब्याची एक बारीक धार पुढे फेकली जाते. तिच्या टोकाचा वेग सेकंदास आठ ते दहा किलोमीटरपर्यंत जातो. हे तांबे वितळून कवच जाळते अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. धातू घनच असतो; परंतु दाब इतका प्रचंड असतो की त्यापुढे तांब्याचा कठीणपणा राहत नाही आणि पोलादाचाही राहत नाही. दोन्ही पाण्यासारखे वागतात. सोनाराच्या पट्टीत जे हळूहळू घडते, ते येथे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडून जाते.

या शोधाने पदातीचा जुना हिशेब उलटला. भेदण्याचे काम आता बाँबच्या आत होत असल्यामुळे तो कितीही मंद गतीने गेला तरी चालणार होते. वेग नको म्हणून दारू थोडी, दारू थोडी म्हणून दणका कमी, आणि खांद्याची अडचण दूर. १९४२ साली अमेरिकनांनी हा पोकळ बार एका अग्निबाणाच्या टोकास बसवून तो नळीतून सोडला, हाच बझुका. बाण हे शस्त्र आपल्या इतिहासास अपरिचित नाही. मराठ्यांच्या फौजांत बाणदार असत. १९४३ मध्ये इंग्रजांनी पायट नावाचे यंत्र काढले. त्यात एका जबर स्प्रिंगने पुढे ढकललेला दांडा बाँबच्या शेपटीतील दारू पेटवी आणि त्या दारूच्या जोरावर बाँब फेकला जाई. त्याचे वजन साडेचौदा किलो होते, आणि ते ताणून सज्ज करावयास शिपायाचे सर्व अंगबळ लागे. जर्मनांनी त्याच वर्षी एकदाच उडवून टाकून द्यावयाचे पान्झरफाउस्ट काढले. त्याच्या पहिल्या प्रकाराचा पल्ला अवघा ३० मीटर होता.

या पल्ल्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. लोखंड भेदण्याचा प्रश्न सुटला. जवळ जाण्याचा सुटला नाही. १२ जून १९४४ रोजी मणिपुरात निंगथौखोंग गावाजवळ जे घडले त्यावरून हे समजते. याच इंफाळच्या मोहिमेत आधी मार्चमध्ये सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली होती. जूनमध्ये निंगथौखोंगला जपानी रणगाडे भारतीय सैन्याची फळी फोडून आत शिरले. सातव्या गुरखा रायफल्सचा गंजू लामा हा सिक्कीमचा शिपाई पायट घेऊन एकटाच सरपटत पुढे गेला. त्याचे वय तेव्हा १९ होते. डावे मनगट मोडले होते. उजव्या हातास व पायास जखमा झाल्या होत्या. अशा स्थितीत तो रणगाड्यांपासून ३० यार्डांवर पोहोचला, आणि त्याने एकामागून एक दोन रणगाडे फोडले. तिसरा एका तोफेने फोडला. रणगाड्यांतून बाहेर पडू पाहणाऱ्या शत्रूंचा त्याने हातबाँबांनी समाचार घेतला, आणि मगच तो मलमपट्टीस मागे गेला. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

३० यार्ड म्हणजे सुमारे २७ मीटर. एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाजापासून परसापर्यंत जेवढे अंतर असावे तेवढेच. ज्या सैन्याकडे पायट होते त्यातही तेथवर जाणारा गंजू लामा असावा लागला. परंतु याच गंजू लामाच्या हाती बॉइज बंदूक असती तर त्याचे काय झाले असते, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. शौर्य हत्यारावाचून व्यर्थ जाते आणि हत्यार शौर्यावाचून पडून राहते. या दोहोंपैकी शौर्य शिपायाकडून घ्यावयाचे असते आणि हत्यार राज्याने द्यावयाचे असते.

हत्यार सोपे आणि स्वस्त झाले म्हणजे मात्र दुसरेच संकट उभे राहते. १९४५ च्या वसंतात बर्लिनच्या रस्त्यांवर पान्झरफाउस्ट दिले गेले ते शाळकरी मुलांच्या आणि वृद्धांच्या हाती. जे चालविण्यास शिकण्याची फारशी गरज नाही, ते कोणाच्याही हाती देता येते. आणि ज्याच्या हाती दिले त्यास ३० मीटरवर पाठविताही येते.

युद्धानंतर हे शस्त्र वाढतच गेले. स्वीडनने १९४८ साली कार्ल गुस्ताफ ही ८४ मिलिमीटरची नळी काढली. ती मागच्या तोंडाने वायू सोडून दणका नाहीसा करिते. १९७० नंतरच्या दशकापासून ती भारतीय पायदळाच्या हाती आहे. सोविएत रशियाचे आर. पी. जी. ७ हे १९६१ सालचे. ऑक्टोबर १९७३ मध्ये सुएझच्या पूर्वेस मिसरी पायदळाने अशा शस्त्रांनी आणि तारेने चालविलेल्या क्षेपणास्त्रांनी इस्रायलचे पुष्कळ रणगाडे फोडले, तेव्हा रणगाड्याचा काळ संपला असे भाकीत झाले. भाकीत खोटे ठरले. कवचावर स्फोटकाच्या विटा बसवून येणारी धार मोडण्याची युक्ती निघाली. तिच्यावर एकामागे एक दोन बार असलेला बाँब निघाला. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात वरून छतावर कोसळणारी क्षेपणास्त्रे जगाने पाहिली, आणि तेच भाकीत पुन्हा ऐकू आले. शेरास सव्वाशेर भेटण्याचा हा क्रम अद्याप चालूच आहे.

अहिल्यानगरास १९९४ पासून रणगाड्यांचे एक संग्रहालय आहे. मुलांना घेऊन गेलेली कुटुंबे तेथे जुन्या रणगाड्यांभोवती हिंडतात. त्यांत इंग्रजी व अमेरिकन रणगाड्यांबरोबर जपानीही आहेत. मुले पोलादावर हात ठेवितात आणि ते किती जाड आहे म्हणून आश्चर्य करितात. तेथे जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आमची विनंती आहे. पोकळ बाराची धार कवचाच्या पलीकडे जाते तेव्हा तिथे माणसे बसलेली असतात. आमच्या जिल्ह्यातील एखाद्या घरचा थोरला मुलगा बेळगावी भरती होतो आणि धाकटा अहिल्यानगरास जातो. कवच जाड झाल्याची वार्ता आली की त्या घरात एकाची काळजी कमी होते आणि दुसऱ्याची वाढते. नवा बाँब निघाल्याचे ऐकिले की उलट होते. या शस्त्राच्या इतिहासात कोणाची सरशी झाली असे विचारणाऱ्यास त्या घरची आई काय उत्तर देईल, ते आम्हांस सांगता येत नाही.