कनिंग, शहाणे आणि मुत्सद्दी

इंग्रजीच्या तासाला ‘कनिंग’ हे विशेषण आले, की मुले कोल्ह्याची गोष्ट आठवतात आणि वहीत अर्थ लिहितात, ‘धूर्त’. अर्थ बरोबरच आहे. पण या शब्दाची कुळी पाहू गेले, तर एके काळी तो सज्जनांच्या पंक्तीला बसत असे. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत कनिंग म्हणजे जाणता, कसबी. संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू आणि तो, दोघांचे मूळ एकच. आपला ‘शहाणा’ही ‘सज्ञान’वरूनच आलेला. म्हणजे हे दोघे दूरचे भाऊबंद! एक पुढे पुरता बदनाम झाला. दुसऱ्याचीही अब्रू अधूनमधून जातेच. मोहोळच्या बाजारात ‘मोठा शहाणाच आहेस!’ असे कुणी म्हटले, तर ती शाबासकी नव्हे.

उत्तर पेशवाईत साडेतीन शहाणे प्रसिद्ध होते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणीस अर्धे. नानांना तलवारीचे अंग नव्हते, म्हणून अर्धे, असे सांगतात. पण नारायणरावांचा १७७३ साली खून झाल्यावर याच अर्ध्या शहाण्याने बारभाईंच्या साहाय्याने तान्ह्या सवाई माधवरावांची गादी राखली, १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत इंग्रजांना दाद दिली नाही, आणि १७९५ साली खर्ड्यावर निजामाविरुद्ध मराठे सरदार एकत्र आणले.

इंग्रजांनी त्यांना नाव दिले, ‘मराठ्यांचा मॅकिआव्हेली’. फ्लॉरेन्सच्या त्या पंडिताच्या (१४६९–१५२७) नावाचे इंग्रजीत कपटी राजकारणाला लावायचे विशेषणच झाले आहे. आपण मात्र नानांना मुत्सद्दी म्हणतो. गंमत अशी, की ‘मुत्सद्दी’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द मुळात हिशेबनिसाचा, कारकुनाचा. इंग्रजांचा जाणता घसरत धूर्त झाला. आमचा कारकून चढत राजकारणधुरंधर झाला!

नाना निर्दोष होते, असे नव्हे. सवाई माधवरावांवरचा त्यांचा कडक पहारा आणि घाशीराम कोतवालाचा जुलूम त्यांच्या कारभारातलाच. पण १३ मार्च १८०० रोजी ते गेले, आणि तीन वर्षे पुरी होण्याआधीच, १८०२ च्या डिसेंबरात, दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहावर सही करून स्वातंत्र्य गहाण टाकले. तो तह जमवणाऱ्या इंग्रजांनी आपल्या कसबाला ‘डिप्लोमसी’ म्हटले.

म्हणून मुलांनी कुणापुढे ‘धूर्त’ लिहिले, की एवढेच विचारावे: बाळांनो, हे म्हणतो कोण? हरलेला, की जिंकलेला?