मधलं मॉडेल

परवा पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, अमेरिकेतून मित्र येतोय. प्लेस्टेशन ५ प्रो मागवू का? माझा जुना विकून टाकतो."

पोरगं विचारतंय म्हणजे अर्धं ठरलेलंच असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो बाजारात आला तेव्हा सोनीने तो भारतात आणलाच नाही, म्हणून ही मित्राची वाट. तेव्हाची किंमत ६९९ डॉलर ९९ सेंट. त्याचा पीएस५ ठणठणीत चालतोय, हे विशेष!

मला माझीच गोष्ट आठवली. २००५ साली मी नागपुरात नोकरीला होतो. जाडजूड पीएस२ होता, काही बिघडलेलं नव्हतं. पण २००४ मध्ये निघालेला सडपातळ पीएस२ दुकानात पाहिला आणि राहवेना. जुना मिळेल त्या भावात विकला, वर पैसे घातले आणि नवा घेऊन झरी जामणीला घरी आलो. तेव्हा गावात भारनियमन. गेम सेव्ह करायच्या आत लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून. बाबा बाजेवर बसून पाहत होते. म्हणाले, "तेच लाईन, तोच टीव्ही, तेच खेळ. मंग बदललं काय बाप्पा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे या मधल्या मॉडेलांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं, बाबांनी नेमका प्रश्न विचारला होता.

सेगाचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये त्यांनी अमेरिकेत ३२एक्स काढला. मेगा ड्राइव्हच्या डोक्यावर बसवायचा जोड, किंमत १५९ डॉलर. त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाचंच पुढच्या पिढीचं यंत्र, सॅटर्न, विक्रीला आलं. मग जोडासाठी गेम कोण बनवणार? जेमतेम चाळीस गेम निघाले आणि प्रकरण मिटलं. ज्यांनी घेतला त्यांचे पैसे गेले.

उलट निंटेंडो ६४ चा एक्स्पान्शन पॅक. ४ एमबी मेमरीची ८ एमबी करणारा लहानसा तुकडा. १९९९ च्या डाँकी काँग ६४ ला तो लागायचाच, म्हणून गेमच्या खोक्यातच दिला. स्वस्तातलं काम, पैसे वसूल.

२०१६ च्या पीएस४ प्रोच्या वेळी सोनीने नियमच केला, की प्रत्येक गेम साध्या पीएस४ वरही चालला पाहिजे. म्हणजे जुनं यंत्र पोरकं झालं नाही. पण त्याचाच अर्थ असा, की घरात ४के टीव्ही नसेल तर प्रोचा फायदा फारसा दिसणार नाही.

आणि जुनं यंत्र किती जगतं? पीएस३ जगात २००६ मध्ये आला. तरी हैदराबादेत बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ मध्ये निघाला तो पीएस२ साठी! आपल्याकडे लोकांच्या घरात तोच होता ना. आणि मी पीएस२ असताना पीएस२ च घेऊन बसलो होतो. असो.

आता प्रो. सोनीच्या सांगण्याप्रमाणे चित्र रंगवण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत जास्त. साठवण २ टीबी. पण डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळा विकत घ्यायचा. भाच्याचे निम्मे गेम मित्रांकडून अदलाबदल केलेल्या डिस्कवर आहेत. टीव्हीही जुनाच, साधा एचडी.

हे सगळं त्याला सांगितलं. टीव्ही बदलणार असशील तर विचार कर, नाहीतर पुढच्या पिढीपर्यंत थांब.

एक गोष्ट मात्र आधी सांगितली नव्हती, तीही सांगितली. २००५ च्या उन्हाळ्यात तो सात वर्षांचा होता. वणीहून मामाच्या गावाला आला की माझ्या जाड पीएस२ पुढून उठायचा नाही. मी तो विकला. त्याला द्यायचं सुचलंही नाही. हातात पडलेली रक्कम कधीच विसरलो, पण त्या दिवाळीत "मामा, मोठा गेम कुठाय?" म्हणून त्याने घरभर शोधलेलं अजून डोळ्यांसमोर आहे.

"घ्यायचाच असेल तर घे," मी म्हटलं, "पण जुना विकू नको. वणीला धाकट्या बहिणीला दे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "ती मागतेच आहे, मामा."