ब्लास्केटचे वाङ्मय : वाढ आणि वियोग

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोरील ग्रेट ब्लास्केट या बेटाची वस्ती दोनशेच्या आतच राहिली. मासेमारी, मेंढ्या आणि थोडी शेती यांवर तिचा निर्वाह चाले. १९२९ ते १९३६ या काळात या वस्तीने आयरिश भाषेला तीन आत्मकथने दिली : टॉमस ओक्रोहन यांचे ‘बेटकरी’, मॉरिस ओसलिव्हन यांचे ‘वाढीची वीस वर्षे’ आणि पेग सेयर्स यांनी पुत्राकडून लिहवून घेतलेले आत्मवृत्त. त्यांपैकी कादंबरीच्या सर्वांत निकटचा ग्रंथ ओसलिव्हन यांचा होय.

या वाङ्मयास ‘मातीतून आपोआप उगवलेले’ म्हणण्याची प्रथा आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे. ओसलिव्हन १९०४ साली बेटावर जन्मले. परंतु आई निवर्तल्याने त्यांचे शैशव डिंगल गावी इंग्रजी बोलण्यात गेले. सुमारे सातव्या वर्षी ते परतले आणि मग आयरिश शिकले. ओक्रोहन यांना तर लेखनास प्रवृत्त करणाऱ्या स्नेह्याने गॉर्कीचा परिचय करून दिला होता. अर्थात या ग्रंथांचा अस्सलपणा जन्मसिद्ध नव्हे. तो डोळसपणे कमावलेला आहे.

वयात येण्याच्या कथेत नायक अखेरीस समाजात आपले स्थान मिळवितो, असा युरोपीय कादंबरीचा रूढ संकेत. येथे मोठे होणे म्हणजे बेट सोडणे. बरोबरीचे तरुण अमेरिकेस जातात. ओसलिव्हन, त्यांचे मित्र व ग्रीकचे अभ्यासक जॉर्ज टॉमसन यांच्या आग्रहावरून, १९२७ साली डब्लिनला जाऊन पोलिसदलात शिरतात. बालपणीचा आनंद त्यांनी लिहिला तो बेटाबाहेर राहून. १९५० साली ते समुद्रात बुडून वारले आणि १९५३ साली शासनाने उरलेल्या मूठभर रहिवाशांना मुख्य भूमीवर हलविले.

मूळ ग्रंथ आणि टॉमसन व म्वाया डेव्हिस यांचे इंग्रजी भाषांतर, दोन्ही १९३३ सालीच प्रकाशित झाली. इंग्रजी आवृत्तीस ई. एम. फॉर्स्टर यांची प्रस्तावना लाभली. भाषांतराने बेटाला जगभर वाचक दिले. मात्र ज्या भाषेच्या ओढाताणीतून हा ग्रंथ घडला, ती भाषा त्या वाचकांच्या दृष्टीआड झाली. भारतातील लहान भाषांची भाषांतरे करणाऱ्यांनी हा लाभ आणि ही हानी एकत्रच मोजली पाहिजेत. ग्रंथ टिकला म्हणजे भाषा टिकली, असे ब्लास्केटचा इतिहास आपणांस म्हणू देत नाही.