सीमेपलीकडील प्रतिवादी

राज्याची सीमा संपते तेथे त्याच्या कायद्याचाही हात आखडतो, ही समजूत फार जुनी. संकेतस्थळांच्या युगात ती कशी डळमळीत झाली हे पाहावयाचे असेल, तर कॅनडातील दोन खटल्यांकडे वळावे लागेल.

कॅनडाने २००० साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. तो परदेशस्थांना लागू आहे किंवा नाही, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. (भारताच्या २०२३ च्या अधिनियमाने हा प्रश्न तिसऱ्या कलमातच हाताळला आहे.) अमेरिकेतील वायोमिंग राज्यातून ॲक्युसर्च ही कंपनी लोकांची खाजगी माहिती मोल घेऊन पुरवीत असे. तिच्याविरुद्ध तक्रार आली तेव्हा गोपनीयता आयुक्तांनी अधिकाराच्या अभावाकडे बोट दाखवून हात झटकले. २००७ साली संघीय न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले. परकी कंपनीची चौकशी दुष्कर असेल; परंतु तेवढ्याने चौकशीचा अधिकार लोपत नाही.

दुसरा खटला अधिक बोलका आहे. रुमानियातील एका गृहस्थाने कॅनडातील न्यायालयांचे व न्यायाधिकरणांचे निर्णय उतरवून घेऊन आपल्या ‘ग्लोब ट्वेंटीफोर एच’ या संकेतस्थळावर मांडले. निर्णय मुळात जाहीरच होते. मात्र ज्या कॅनडियन संग्रहातून ते आले, त्याने शोधयंत्रांना मज्जाव केला होता. नुसते नाव टाकून कोणाच्या घटस्फोटाची वा दिवाळखोरीची कहाणी हाती लागत नसे. हा पातळ पडदाच त्या गृहस्थाने फाडला, आणि निर्णय त्वरित काढून हवा असल्यास तो पैसे मागू लागला. आपण पत्रकारिता करीत आहोत, असा त्याचा दावा होता! आयुक्तांनी २०१५ साली तो फेटाळला.

न्यायालयात तो फिरकलाच नाही. ३० जानेवारी २०१७ रोजी न्यायमूर्ती रिचर्ड मोझली यांनी मजकूर कॅनडातील, वाचक प्रामुख्याने तेथील आणि झळही तेथेच, असा ‘वास्तव व भरीव संबंध’ मानून कायदा लागू केला. निर्णय काढून टाकण्याचा आदेश दिला आणि ५,००० डॉलरांची भरपाई ठरविली. रुमानियाच्या माहिती-रक्षण प्राधिकरणाने त्याच गृहस्थाला आधीच दंड केला असल्याने परराज्याच्या मर्यादेचा भंग होण्याची भीतीही उरली नव्हती.

आदेशाची अंमलबजावणी रुमानियात कोण करणार, ही अडचण न्यायमूर्तींना दिसत होतीच. म्हणून त्यांनी कायदाभंगाची स्पष्ट घोषणाही केली. मालक वठणीवर न आला तरी पीडितांना ती घोषणा शोधयंत्रांच्या चालकांपुढे ठेवून दुवे काढण्याची मागणी करता येणार होती.