मेजावरचे इंजिन आणि बसऱ्याचा धक्का

हुबळी येथे 2020 साली रेल्वेचे संग्रहालय उघडण्यात आले. एके काळी धारवाड, गदग, लोंढे या बाजूंनी धूर सोडीत येणारी मीटरगेज गाडी आता त्या मार्गांवर दिसत नाही. तिचे रूळ उखडले गेले व त्यांच्या जागी रुंद रूळ आले. तेव्हा जुन्या इंजिनांचे दर्शन घ्यावयाचे ते अशा संग्रहालयातच. परंतु जगात असेही काही हौशी लोक आहेत की, ज्यांचे समाधान दर्शनाने होत नाही. त्यांना ते इंजिन वीतभर आकारात, चाकांसकट व धुराड्यासकट, आपल्या मेजावर हवे असते. तेही शोभेसाठी नव्हे, तर युद्धाच्या खेळासाठी. मेजावर टेकड्या, नद्या व गावे मांडून, फाशांच्या व नियमांच्या साह्याने जुन्या लढाया पुन्हा लढून पाहण्याचा हा खेळ होय. असे इंजिन बाजारात तयार मिळतेच असे नाही. ते कारागिराकडून मुद्दाम करवून घ्यावे लागते. आणि कारागिराचा पहिला प्रश्न असतो, ‘इंजिन कोणत्या कामासाठी हवे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागले की, आगगाडीचा बराचसा इतिहास सांगावा लागतो.

मेजावरच्या आगगाडीची सर्वांत प्रसिद्ध फर्माईश एका मराठी राजानेच केली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांना आगगाडीचे विलक्षण वेड होते. 1899 साली त्यांच्या संस्थानात दोन फूट रुंदीची चिमुकली रेल्वे धावू लागली. पुढे तिचा एक फाटा श्योपुरापर्यंत सुमारे 200 किलोमीटर लांब गेला. 1906 च्या सुमारास महाराजांनी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक या कारखान्याकडून जेवणाच्या मेजासाठी चांदीची आगगाडी करवून घेतली. इंजिनाचे रूप वाफेच्या इंजिनाचे, चाल मात्र विजेची. तिच्या डब्यांतून मद्याच्या सुरया व चिरूट पाहुण्यांपुढून फिरत. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे आणि ती जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात ही गाडी आजही पाहावयास मिळते. फर्मावणाऱ्याने काम नेमके सांगितले व कारागिराने ते नेमके केले, याचा हा उत्तम नमुना होय. विशेष हे की, हेच महाराज युद्धातील वाहतुकीचे महत्त्व पुरते जाणून होते. ग्वाल्हेर संस्थानाचे वाहतूक पथक 1895 साली चित्रळच्या व 1897 साली तिराहच्या मोहिमेत सामान वाहून नेण्याच्या कामी आले होते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच बॅसेट-लोक कारखान्याने युद्धनौका ओळखण्याच्या शिक्षणासाठी लहान नौका घडविल्या आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उभारावयाच्या तरत्या बंदराच्या प्रतिकृतीही तयार केल्या. भोजनाच्या मेजावरून युद्धाच्या मेजावर येण्यास कारागिराला फारसे अंतर चालावे लागले नाही.

युद्धाचे मेज तसे जुने आहे. प्रशियातील फॉन राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने 1812 साली तेथील राजाला एक मेजच नजर केले. त्यावर डोंगर, नद्या व रस्ते यांचे तुकडे हवे तसे जुळविता येत. त्याच्या मुलाने 1824 साली नकाशावर खेळावयाचे नियम बांधले, पंच नेमला व नशिबासाठी फासे ठेवले. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी त्या खेळाचा शिक्षणासाठी उपयोग केला. त्या वेळी प्रशियात आगगाडी नव्हती. ती आल्यावर मोल्टके या सेनानीने सैन्य हलविण्याचे वेळापत्रकच युद्धाच्या पायाशी घातले. 1866 साली ऑस्ट्रियावर चालून जाताना त्याने पाच लोहमार्गांनी सैन्य सरहद्दीवर आणले. तथापि 1870 साली फ्रान्सवर स्वारी झाली, तेव्हा एक निराळीच अडचण उभी राहिली. गाड्या सरहद्दीजवळच्या स्थानकांत येऊन पोहोचल्या, पण तेथे त्या वेळेवर रिकाम्या होईनात. मालाने भरलेल्या वाघिणी रुळांवर तुंबून राहिल्या आणि पुढे गेलेले सैन्य आपला दाणागोटा आसपासच्या मुलखातून मिळवीत राहिले. इंजिनाचा वेग कोणाच्या डोळ्यांत भरतो, परंतु माल उतरवून घेणाऱ्या हातांचा वेग सहसा कोणी मोजीत नाही.

हुबळी-धारवाडच्या लोकांना हा धडा शिकण्यासाठी फ्रान्सपर्यंत जावे लागले नाही. 1876 ते 1878 या काळातील भीषण दुष्काळात धारवाड, विजापूर या भागांची दैना झाली. आगगाडी तेव्हा सोलापूर व बळ्ळारीकडे होती. तेथून पुढे धान्य बैलगाडीने आणावयाचे, आणि वैरणीवाचून बैलच मरत होते. 1880 च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्ग वाढविण्याचा आग्रह धरला. 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकात हुबळी हे तिच्या मार्गांचे केंद्र बनले. खर्च कमी यावा म्हणून रुळांतील अंतर एक मीटरचे ठेवले होते. या काटकसरीची किंमत सोलापूरजवळच्या होटगी स्थानकावर मोजावी लागे. तेथे मुंबईकडची रुंद गाडी आणि हुबळीकडची अरुंद गाडी एकत्र येत. एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. दुष्काळासाठी बांधलेल्या मार्गाची खरी ताकद अशा रीतीने होटगीच्या हमालांवर अवलंबून होती.

याच मीटरगेजला पुढे युद्धावर जावे लागले, आणि तेही भुकेच्याच निमित्ताने. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हिंदी फौज टायग्रिस नदीकाठाने बगदादच्या दिशेने चढत गेली. बसरा हे तिचे बंदर. तेथे मोठ्या जहाजांसाठी पुरेसे धक्के नव्हते. जहाजे आठवडेच्या आठवडे माल न उतरविता उभी राहत, आणि पुढे सामान नेण्यास नदीतील थोड्या आगबोटींखेरीज साधन नव्हते. 1915 साली तेथील सेनापतीने लोहमार्गाची मागणी केली होती. हिंदुस्थान सरकारने खर्चाकडे बोट दाखवून ती नाकारली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कुत येथे फौजेला वेढा पडला. वेढ्यात सापडलेल्यांत 103 वी, 110 वी व 117 वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज धारवाडपासून जवळच, बेळगावात आहे. शिधा घटत गेला, आजार वाढले, शेवटी विमानांतून पीठ टाकावे लागले. सुटकेसाठी निघालेल्या सैन्याची सुमारे 23,000 माणसे जखमी झाली वा मेली. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 लोकांनी शस्त्रे खाली ठेवली व त्यांतील पुष्कळ जण पुढे कैदेत मेले. त्यानंतर मात्र हिंदुस्थानातून मीटरगेजचे रूळ, इंजिने, डबे आणि रेल्वेचे कामगार बसऱ्यास उतरू लागले. 1916 च्या अखेरीस बसरा ते नासिरिया हा मार्ग सुरू झाला, आणि मार्च 1917 मध्ये बगदाद पडले. जी गाडी आधी नाकारली, तीच एवढी किंमत मोजल्यावर पाठवावी लागली.

तेव्हा मीटरगेज इंजिन मेजावर मांडावयाचे तर मेसोपोटेमियाची मोहीम तिला सर्वथा शोभणारी आहे. आता कारागिराला मापे सांगू. खेळातील शिपाई बहुधा 1:72 या प्रमाणात, म्हणजे सुमारे 24 मिलिमीटर उंचीचे असतात. या प्रमाणात मीटरगेजचे रूळ 14 मिलिमीटरच्या आसपास येतात व असे रूळ तयार मिळत नाहीत. 1:87 हे प्रमाण घेतले तर साडेअकरा मिलिमीटर पुरतात आणि स्वित्झर्लंडच्या पहाडी गाड्यांच्या प्रतिकृतींसाठी निघणारे 12 मिलिमीटरचे रूळ चालून जातात. मात्र तेव्हा शिपाई इंजिनापुढे किंचित थोराड दिसतात. वर्ग निवडावयाचा तर सहा चाकांचे ‘एफ’ इंजिन सोयीचे. हिंदुस्थानात संपूर्णपणे घडलेले पहिले वाफेचे इंजिन, 1895 साली अजमेरच्या कारखान्यातून निघालेले, याच वर्गाचे होते. कारागिराला बाजूने व समोरून सरळ घेतलेली छायाचित्रे, चाकांचा व्यास, चाकांमधील अंतर आणि बॉयलरची उंची एवढे दिले की तो पितळी पत्र्यातून किंवा अलीकडच्या त्रिमितीय छपाईने काम उभे करतो. इंजिन हाताने सरकवावयाचे असल्यामुळे आत मोटार नको. चाके मजबूत व जोड भक्कम असले म्हणजे झाले.

जमिनीचे माप मात्र निराळे ठेवावे लागते. हुबळी ते धारवाड हे सुमारे 20 किलोमीटरचे अंतर 1:87 ने मांडले तर 230 मीटर लांबीचे मेज लागेल! म्हणून जमीन 1:10,000 ने आटवितात व तेच अंतर दोन मीटरांत बसवितात. त्या जमिनीवर वीतभर इंजिन दोन किलोमीटर जागा व्यापते. मग ते वस्तू न राहता खूण बनते. त्या खुणेला अर्थ येतो तो नियमांनी. गाडी भरण्यास किती वेळ, एकेरी मार्गावर समोरची गाडी येईतो किती थांबावयाचे, पाणी कोठे घ्यावयाचे, आणि उतरविण्यास किती हात आहेत, हे नियमांत नसेल तर इंजिन केवळ खेळणे उरेल.

म्हणून अशी फर्माईश करणाऱ्याने इंजिनाबरोबर आणखी काही मागवावे. उघड्या वाघिणी मागवाव्या आणि त्यांतील पोती उचलून काढता येतील अशी सुटी करवून घ्यावी. नदीकाठचा एक धक्का मागवावा, आणि पाठीवर पोते घेतलेली दहा-बारा माणसे मागवावी. कारागीर बहुधा म्हणेल, शिपाई पुष्कळ केले, हमाल कोणी मागितले नव्हते. 1915 सालीही ते वेळेवर कोणी मागितले नव्हते. मेजावरील खेळाडूने आपली पलटण पुढे ढकलण्यापूर्वी ती माणसे मोजावी व त्यांच्या हातून दिवसाकाठी किती पोती उतरतील याचा हिशेब मांडावा. कुतच्या तटावर उभ्या असलेल्या मराठा शिपायाचे पोट त्या हिशेबावर अवलंबून होते.