‘हे नाही’ आणि ‘हे चालणार नाही’

आमच्या जामनेरहून आधी जळगाव गाठायचं आणि तिथून सुरत लाइनच्या गाडीने पश्चिमेला निघालं की अमळनेर येतं. या गावात प्रताप शेठजींच्या पैशातून प्रताप मिल उभी राहिली आणि 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही. मिलमध्ये कापड निघायचं, मंदिरात शांकर अद्वैताचा अभ्यास चालायचा. ब्रह्म कसं आहे? याज्ञवल्क्याचं उत्तर ‘नेति नेति’. हे नाही, तेही नाही.

युरोपात देवाबद्दल असंच नकारातून बोलण्याची जुनी परंपरा आहे. गंमत म्हणजे ती मार्क्सवादातही शिरली. अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी ज्यू धर्मातली मूर्तिबंदी उचलली. देवाचं चित्र काढायचं नाही, तसं मुक्त समाजाचंही काढायचं नाही. आजच्या जगात काय चुकतंय एवढंच सांगत राहायचं.

ठीक. पण उद्याचं चित्रच नसेल तर माणूस लढणार कशाच्या जोरावर? मग राग, शोक आणि आस एवढंच हाताशी उरतं.

इथे मला साने गुरुजी आठवतात. ते याच तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. ते समाजवादी होते, पोथीतले मार्क्सवादी नव्हेत. त्यांच्या रडण्याची आपण टिंगल करतो (माझ्या पिढीने तर जास्तच). पण मंदिरातला नकार म्हणत होता, ‘हे खरं नाही’. गुरुजींचा नकार म्हणत होता, ‘हे चालणार नाही’. पहिल्याला शांत बैठक पुरते. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी यावं लागतं.

1946 मध्ये अमळनेरच्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. प्रेताकडे बघून ‘नेति’ म्हणता येत नाही.

याच खानदेशातले, धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील. 1978 मध्ये त्यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. वर्गाच्या हिशेबात जातीचा अपमान बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणून मार्क्सला त्यांनी फुले-आंबेडकर जोडले आणि तर्कासाठी शंकराचार्यांकडे न जाता दिङ्नाग-धर्मकीर्ती या बौद्ध पंडितांकडे गेले. दिङ्नागाचा अपोहही नकारावरच उभा आहे: ‘गाय’ शब्दाचा अर्थ म्हणजे जे गाय नाही ते वगळणं. कोड लिहिताना मी दिवसभर हेच करतो, म्हणून मला ते लगेच कळलं. वगळलं जाणं म्हणजे काय, हे मात्र पाटलांचे आदिवासी आणि शेतमजूर कार्यकर्ते दिङ्नाग न वाचताच जाणत होते.